गाण्यासाठी अहमदाबादपर्यंत

मैत्रिणींनो, तुमच्या घरात सोळा ते पंचविशीतलं कुणी असेल, तर "आपल्याकडे कुणी येतच नाही!" हे वाक्य तुमच्या चांगलंच ओळखीचं असणार. आमच्या भुसावळच्या घरात ते महिन्यातून चारदा तरी निघतं. 'कुणी' म्हणजे आवडीचे गाणारे, आणि तक्रार करणारी म्हणजे आमची धाकटी लेक. जगात कुणाचाही दौरा जाहीर झाला की ही आधी गावांची यादी पाहणार, त्यात भारत नसला की हिरमुसणार, आणि भारत असला तर "मुंबईच असेल, दुसरं काय!" म्हणून पुन्हा हिरमुसणार. मी पोळ्या लाटता लाटता "बरं, जेवायला बस," म्हणणार. हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

पण २०२५ च्या जानेवारीत मी स्वतःच तिच्याबरोबर भुसावळहून अहमदाबादला गेले, आणि लाखावर माणसांत बसून इंग्रजी गाणी ऐकून आले. त्या प्रवासाची ही हकिगत. तुम्ही म्हणाल, या वयात हे काय भलतंच! मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून सगळं सांगते.

आधी त्या मंडळींची ओळख करून देते. 'कोल्डप्ले' हा ब्रिटनमधल्या चौघांचा बँड. ख्रिस मार्टिन गातो, जॉनी बकलंड गिटार वाजवतो, गाय बेरीमन बेस गिटार आणि विल चॅम्पियन ड्रम्स. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकताना हे एकत्र आले, त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. म्हणजे आपल्या मुलांचे हे लाडके 'पोरगे' पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ आहेत बरं का! भारतात ते २०१६ च्या नोव्हेंबरात एकदा येऊन गेले होते, मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर. तेव्हा धाकटी शाळेत होती. त्यानंतर आठ वर्षं तिने वाट पाहिली.

२०२४ च्या सप्टेंबरात बातमी आली, कोल्डप्ले पुन्हा येणार. जानेवारीच्या १८ आणि १९ तारखांना, नव्या मुंबईत नेरुळच्या स्टेडियमवर. २२ सप्टेंबरला दुपारी बाराला तिकीटविक्री सुरू. त्या दिवशी आमच्याकडे जेवणं लांबली. धाकटी मोबाइल घेऊन, तिचे बाबा दुसरा मोबाइल घेऊन, आणि शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसलेला. बारा वाजले आणि पडद्यावर आकडा आला. तिच्यापुढे रांगेत सात लाखांवर माणसं! सात लाख म्हणजे आमच्या अख्ख्या भुसावळ शहराच्या कितीतरी पट. त्याच दुपारी २१ तारखेचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तोही संपला. देशभरातून कोटीच्या वर लोक त्या रांगेत होते असं नंतर वर्तमानपत्रात आलं. स्टेडियमात एका रात्री माणसं मावणार पन्नास हजारांच्या आसपास. कसं जमायचं? संध्याकाळी तीच तिकिटं कितीतरी पट किमतीला विकायला आल्याच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा मात्र धाकटी उशीत तोंड खुपसून रडली. आणि मी? मी म्हटलं, "अगं, गाणी मोबाइलवर आहेत की! ऐक ना."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मीच चमकले. कारण हेच वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं.

१९९४ सालची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माहेरी माझ्या वडिलांना गाण्याचं वेड, रेडिओवर भीमसेन जोशी लागले की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या नावाने १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एकदा तरी पाहायचा, ही माझी लहानपणापासूनची इच्छा. पुलंनी त्यांना 'हवाईगंधर्व' म्हटलं होतं, इतके ते कार्यक्रमांसाठी देशभर विमानाने फिरत. आमच्या वाट्याला मात्र ते विमान वरूनच जायचं! तर त्या डिसेंबरात पुण्याच्या मावशीचं पत्र आलं, "ये, रमणबागेत दोघी जाऊ." तेव्हा तिथे रात्र-रात्र गाणं चालायचं आणि शेवटच्या दिवशी स्वतः भीमसेनजी गाऊन सांगता करायचे. मी रेल्वेचं आरक्षणही केलं. आणि निघायच्या दोन दिवस आधी घरात पाहुणे येणार असं ठरलं. थोरला दोन वर्षांचा, ह्यांची रात्रपाळी. सासूबाई काही वाईट बोलल्या नाहीत हो. एवढंच म्हणाल्या, "गाणं रेडिओवर लागतंच की! ऐक ना घरी."

तिकीट परत केलं. कापून आलेले पैसे डाळीच्या डब्यात ठेवले. पुढे दरवर्षी काही ना काही निघत गेलं. २४ जानेवारी २०११ ला भीमसेनजी गेले, तेव्हा मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून ऐकत होते.

तेव्हा मैत्रिणींनो, धाकटीला "मोबाइलवर ऐक" म्हणणारी मी, आणि मला "रेडिओवर ऐक" म्हणणाऱ्या सासूबाई, यांत फरक तो काय राहिला?

नोव्हेंबरात आणखी एक कार्यक्रम जाहीर झाला, अहमदाबादला, २५ जानेवारी. पाठोपाठ २६ चाही. १६ नोव्हेंबरला पुन्हा ती रांग, पुन्हा ते आकडे. पण या वेळी अडीच-अडीच हजारांची दोन तिकिटं मिळाली, सगळ्यांत वरच्या मजल्यावरची, २५ तारखेची. एक धाकटीचं, एक तिच्या मैत्रिणीचं. आणि डिसेंबरात त्या मैत्रिणीच्या परीक्षेची तारीख नेमकी तीच आली! ह्यांना गर्दी सोसत नाही, थोरला बंगळूरला. धाकटी घाबरत घाबरत म्हणाली, "आई, तू येशील?"

अडचण एकच होती. २५ जानेवारीचा शनिवार आमच्याकडे हळदीकुंकवाचा ठरलेला. पन्नास बायकांना सांगून झालेलं, वाणाची सुपल्या-चाळण्यांची खरेदी झालेली. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या (आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत), "हळदीकुंकू काय, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. गाणारा काय रथसप्तमीपर्यंत थांबणार आहे?" मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांना ती जुनी गोष्ट आठवली होती की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

तापीच्या काठाने

आम्ही निघालो तो दिवस २४ जानेवारीचा. पहाटे चेन्नईहून अहमदाबादला जाणारी गाडी भुसावळला येते. डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि उरलेले तिळाचे लाडू. जळगाव मागे पडलं की गाडी मुंबईचा रस्ता सोडून सुरतेच्या रस्त्याला लागते. खानदेशातल्या आम्हा बायकांना हा रस्ता पाठ असतो, कारण लग्नाच्या साड्या सुरतेहूनच! धरणगाव, मग साने गुरुजींचं अमळनेर, मग शिंदखेडा, दोंडाईचा. नंदुरबारच्या आसपास उजाडलं आणि खिडकीबाहेर लाल गालिचे अंथरलेले दिसले. मिरची वाळत घातलेल्या पथारी त्या! हिवाळ्यात तुम्ही या बाजूला गेलात तर आधी रंग दिसतो, मग ठसका येतो.

पुढे नवापूर. हे स्टेशन पाहण्यासारखं आहे. अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत! फलाटावर एक बाक आहे, त्याची एक बाजू महाराष्ट्रात, दुसरी गुजरातेत. म्हणजे नवरा-बायको एकाच बाकावर बसून दोन राज्यांत राहू शकतात. आमच्या समोरच्या बाकावरच्या आजोबांनी यावर बराच विनोद केला.

पण खरी करमणूक डब्यातच होती. दोन बाक सोडून चेन्नईच्या दोघी बहिणी, त्यांच्यापुढे वर्ध्याचा एक मुलगा, आणि सगळे एकाच वाटेचे वारकरी! मग काय, तक्रारींचं गाठोडं सुटलं. चेन्नईच्या मुली म्हणाल्या, "अठराशे-एकोणीसशे किलोमीटर यावं लागतं. आमच्याकडे गाणं ऐकणारी माणसं नाहीत का?" वर्ध्याचा म्हणाला, "नागपूरला जामठ्याचं एवढं मोठं स्टेडियम आहे, देशाच्या मधोमध. तिथे काय खुपतं यांना?" आमची धाकटी म्हणाली, "मुंबईला तीन दिवस दिले, त्यातला एक पुण्याला दिला असता तरी चाललं असतं." जणू काही बँडवाल्यांनी मुद्दाम यांच्या गावांवर फुली मारली होती!

मी ऐकत होते. मनात म्हटलं, रुसवा खरा आहे. पण हे लोक गाव निवडतात तरी कसं? मग धाकटीनेच वाचून दाखवलं, आणि काही मी परत आल्यावर वाचलं. ते तुम्हालाही सांगते, म्हणजे उद्या तुमच्या घरात हा रुसवा झाला तर उपयोगी पडेल.

गाव कसं ठरतं?

असं बघा, आपल्या घरी सत्यनारायण असला तर भटजी एका पिशवीत सगळं घेऊन येतात. पण लग्न असलं की मांडव, आचारी, भांडी, रोषणाई, जनरेटर. ते सगळं कोणत्याही गल्लीत मावत नाही. या बँडचा दौरा म्हणजे असंच मोठं लग्न. रंगमंच, प्रचंड पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा सगळं वाहून न्यायचं, उभं करायचं, उतरवायचं. म्हणून एका ठिकाणी एकदा मांडलं की दोन-तीन रात्री गायचं, हे त्यांना परवडतं. भारतात येण्याआधी ते अबू धाबीला चार रात्री गायले, मग नव्या मुंबईत तीन, मग अहमदाबादला दोन.

यात पैशाबरोबर दुसरंही एक कारण आहे. २०१९ साली या मंडळींनी जाहीर केलं होतं, की प्रदूषण कमी करायचा मार्ग सापडेपर्यंत दौरा करणार नाही. २०२२ पासून निघालेल्या या दौऱ्यात प्रेक्षकांनी उड्या मारल्या की वीज तयार होईल अशी जमीन आणि पायाने मारायच्या सायकली ठेवलेल्या असतात. आधीच्या दौऱ्यापेक्षा ५९ टक्के कमी प्रदूषण झालं असं त्यांनी २०२४ मध्ये सांगितलं. चांगलीच गोष्ट आहे. पण गृहिणीच्या हिशेबाने पाहिलं तर बँड कमी फिरला की ऐकणाऱ्यांना जास्त फिरावं लागतं. चेन्नईच्या त्या मुलींचा प्रवास कुणाच्या वहीत लिहायचा?

मग स्टेडियम. नेरुळला एका रात्री पन्नास हजार, तर अहमदाबादच्या मोटेऱ्याचं नरेंद्र मोदी स्टेडियम जगातलं सगळ्यांत मोठं क्रिकेट स्टेडियम, १ लाख ३२ हजार माणसं बसतील असं. एका रात्रीत दुप्पट लोक! शिवाय विमानतळ हवा, मोकळी तारीख हवी, पोलिसांची परवानगी हवी, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम पाळता यायला हवा. या चाळणीतून किती गावं खाली उतरतील, तुम्हीच सांगा.

कधीकधी सरकारंही मध्ये पडतात. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट सिंगापूरला सहा रात्री गायली, आणि आग्नेय आशियात दुसरीकडे कुठेच नाही. शेजारचे देश रागावले. तेव्हाचे सिंगापूरचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी मान्य केलं, की आपल्या सरकारी संस्थेने तिला काही आर्थिक उत्तेजन दिलं होतं आणि शेजारी न जाण्याचा करार होता. म्हणजे कोणाच्या अंगणात गाणं व्हावं, यावर देशादेशांतही भांडण! भारतात तर ती त्या दौऱ्यात आलीच नाही.

पण सगळेच असे नसतात. चेन्नईची धाकटी बहीण हसून म्हणाली, "आमच्याकडे ५ फेब्रुवारीला एड शीरन येतोय." हा एकटा माणूस, गिटार घेऊन. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तो पुणे, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर, शिलाँग आणि दिल्लीजवळ असा सहा ठिकाणी गायला. त्याआधी भूतानलाही. ज्याचं बिऱ्हाड लहान, तो चार घरी जास्त जातो. हे तर आपल्याला कुणी सांगायला नको!

आणि एक गंमत सांगते. १९८० साली 'द पोलीस' हा इंग्रजी बँड मुंबईला आला, तेव्हा तो कार्यक्रम भरवला होता टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या मंडळाने, समाजकार्यासाठी पैसे उभे करायला. म्हणजे 'आपल्याकडे कुणी येत नाही' म्हणून हातावर हात ठेवून न बसणाऱ्या बायकाही होत्या.

दोन दिवसांचं अहमदाबाद

सुरतेला फलाटावर पोंक मिळाला. आपल्या हुरड्याचाच भाऊ, वर लिंबू-मिरीची शेव. भरूचला नर्मदेचा पूल आणि खारे शेंगदाणे. तिसऱ्या प्रहरी अहमदाबाद.

त्या आठवड्यात अहमदाबादच्या हॉटेलांची भाडी ऐकून डोळे पांढरे व्हायची वेळ होती. आम्ही मणिनगरला माझ्या मावसनणंदेकडे उतरलो. तिने रात्री उंधियो केला होता. सुरती पापडी, कोनफळ, छोटी वांगी, मेथीची मुठियं, आणि तेल सढळ. मी कृती लिहून घेतली आहे, पुन्हा केव्हा तरी देईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या शहरात गेलो. संक्रांतीला दहा दिवस होऊन गेले होते, तरी प्रत्येक झाडावर, तारेवर फाटके पतंग अडकलेले. जणू झाडांनाच रंगीत पानं फुटलेली. १५७३ सालची सिदी सय्यदची मशीद पाहिली. दगडात कोरलेलं झाड आहे तिथे, जाळीचं. फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या, की क्रोशाचं काम करणाऱ्या बाईने पाहत बसावं. मग भद्रचा किल्ला, तिथलं भद्रकालीचं देऊळ. या शहराशी आपलं जुनं नातं आहे. १७५८ पासून साठेक वर्षं इथे पेशवे आणि गायकवाड यांचा कारभार होता, रायखडला गायकवाडांची हवेली आजही आहे. आणि लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर इथलेच वकील. २०१७ साली हे जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. माणेकचौकात दिवसा सराफी आणि रात्री खाण्याच्या गाड्या. आम्ही मात्र दुपारीच परतलो, कारण धाकटीचं लक्ष घड्याळाकडे!

पिवळा उजेड

मेट्रोने मोटेरा स्टेडियम स्टेशनला उतरलो. माणसांचा असा लोंढा मी फक्त पंढरपूरला आषाढीला पाहिला आहे. माझ्या पायात बूट, अंगावर सुती पंजाबी ड्रेस, वर शाल. मला वाटलं होतं, या पोराटोरांत मीच एकटी म्हातारी दिसेन. तर काय, माझ्या वयाच्या कितीतरी! एक बाई तर नऊवारी नेसल्यासारखा पदर खोचून, नातवाला खांद्यावर घेऊन जिने चढत होत्या.

आत जाताना प्रत्येकाला मनगटात बांधायला एक पट्टा देतात. त्यात दिवे असतात आणि ते गाण्याबरोबर आपोआप रंग बदलतात. जाताना पट्टा परत द्यायचा, म्हणजे पुढच्या गावी तोच वापरता येतो. आपल्या वाणाच्या ताटलीसारखा घरी न्यायचा नाही!

वरच्या मजल्यावरून रंगमंच म्हणजे काड्यापेटीएवढा. गाणारा माणूस मुंगीएवढा. पडद्यावर दिसत होता म्हणून बरं. मी मनात म्हटलंसुद्धा, पाच हजार रुपये आणि एवढा प्रवास, आणि पाहायचं पडद्यावरच तर घरचा टीव्ही काय वाईट? दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम तर मोबाइलवर थेट दाखवणारही होते.

तेवढ्यात 'यलो' नावाचं गाणं सुरू झालं. आणि लाखावर मनगटं एकदम पिवळी झाली. पिवळी म्हणजे कशी सांगू, ताज्या दळलेल्या हळदीसारखी. वरपासून खालपर्यंत, समोरच्या टोकापर्यंत, हळदच हळद. शब्द मला अर्धेमुर्धे कळत होते. पण सगळ्यांना ते पाठ होते आणि सगळे गात होते. माझ्या डाव्या हाताला कुणी गुजराती मुलगा, त्याच्या पलीकडे कुणी पंजाबी, आणि उजवीकडे माझी लेक, जिने चार महिन्यांपूर्वी उशीत तोंड खुपसलं होतं. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

तेव्हा मला कळलं, रेडिओवर काय लागत नाही ते. गाणं लागतं. शेजारचा माणूस लागत नाही.

गाणं संपल्यावर धाकटीने माझा हात धरला आणि विचारलं, "आई, तू कधी गेली होतीस का गं अशी, कुणाला ऐकायला?" मी म्हटलं, "निघाले होते एकदा." त्या गोंगाटात तिला ते ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. पण परत येताना मेट्रोच्या रांगेत तासभर उभं राहायला लागलं, तिथे तिने पुन्हा विचारलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. मावशीचं पत्र, आरक्षण, डाळीच्या डब्यातले पैसे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या वेळी गाणारा येत नव्हता असं नाही. तुलाच जाता येत नव्हतं."

खरं सांगू? मी इतकी वर्षं या गोष्टीला असं नाव दिलंच नव्हतं. मैत्रिणींनो, गाणाऱ्याचा दौरा त्याचा हिशेब ठरवतो. त्यात आपलं गाव बसेल, न बसेल, त्याच्यावर आपला काही इलाज नाही. पण बाईचा दौरा घर ठरवतं, आणि त्या घरात आता सासू, आई म्हणून आपणही बसलेल्या आहोत. तिथे इलाज आहे.

जायचं ठरवलंत तर

तुमच्याही घरातून कुणी असं निघणार असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी.

तिकिटाआधी राहण्याची सोय पाहा. कार्यक्रम जाहीर होताच हॉटेलं महागतात. नात्यातलं कुणी असेल तर भीड न धरता विचारा, आणि जाताना चिवडा-लाडू न्या.

रेल्वेचं आरक्षण जायचं-यायचं दोन्ही लगेच करा. त्या दिवसांत मुंबईहून अहमदाबादला खास गाड्या सोडल्या होत्या, पण आपल्यासारख्या आडगावच्यांनी त्यावर विसंबू नये.

चढ्या भावाने तिकीट विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. खोटं निघालं तर दारातून परतावं लागतं.

मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. लहान बटवा, ओळखपत्र, औषधं आणि रुमाल पुरे. पायांत सवयीची पादत्राणं. जानेवारीत रात्री गार होतं, शाल हवीच. आधी पोटभर जेवून निघा.

गर्दीत मोबाइल लागत नाही. चुकामूक झाली तर कोणत्या खांबापाशी भेटायचं, ते आत शिरतानाच ठरवा. रात्रीच्या मेट्रोची शेवटची वेळ आधी पाहून ठेवा.

आणि एक, मुलीला एकटीला किंवा मैत्रिणींबरोबर पाठवायचं असेल तर "कशाला एवढ्या लांब?" हा प्रश्न विचारायच्या आधी गाडी, राहणं आणि सोबत, हे तीन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं तिच्याकडे असली तर चौथा प्रश्न गिळून टाका.

२६ तारखेला ध्वजवंदन करून आम्ही निघालो. घरी पोचलो तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. "कसं झालं गाणं?" त्यांनी विचारलं. धाकटीने मोबाइलवर चित्रफीत दाखवली. पिवळा उजेड पाहून त्या म्हणाल्या, "अगंबाई, हळदीकुंकूच की हे!" आमचं हळदीकुंकू रथसप्तमीला झालं. पन्नासच्या पन्नास बायका आल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांनी वाणापेक्षा अहमदाबादचीच चौकशी जास्त केली.

धाकटीची "आपल्याकडे कुणी येत नाही" ही तक्रार अजून चालूच आहे. तिचंही बरोबर आहे. भुसावळला एक चांगलं सभागृह झालं, तर निदान बिऱ्हाड लहान असलेले तरी येतील. त्यासाठी आमच्या महिला मंडळाने नगरपालिकेला अर्ज दिला आहे.

आणि डाळीच्या डब्यात मी पुन्हा पैसे टाकायला लागले आहे. डिसेंबरची तारीख कळली की पुण्याची तीन आरक्षणं करायची आहेत. हो, तीन. सासूबाई म्हणाल्या, त्यांनाही सवाई पाहायचाय.